बाहेरून आलेल्या देणगीची चौकशी

माझ्या हातून झालेली शेवटची चौकशी कुठल्याच स्टेशन डायरीत नोंदलेली नाही. ती झाली पोलिसातून निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी, आयर्लंडमधल्या ओंगारला, मुलीच्या स्वयंपाकघरात. तरी सेवेतल्या कुठल्याही गुन्ह्यापेक्षा तीच मला जास्त छळते.

मुलगी तिथे सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्या वर्षी ती कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष उभी राहिली. तिथलं नागरिकत्व नसतानाही स्थानिक निवडणूक लढवता येते हे ऐकून मी आधीच गोंधळलो होतो. वसाहतीतला बसथांबा आणि खेळाचं मैदान हे तिचे विषय. मी दोन महिने मदतीला गेलो होतो. घरोघर पत्रकं टाकण्याचं काम माझ्याकडे होतं. हिशेबाचं काम शेजारच्या एका नागपूरकर इंजिनिअरकडे. त्याला सगळे खजिनदार म्हणत.

मतदानाला तीन आठवडे असताना कौन्सिलचं पत्र आलं. कोणीतरी तक्रार केली होती, की या उमेदवाराने देशाबाहेरून देणगी घेतली. तिथे एका माणसाने एका उमेदवाराला किती द्यावं यावर मर्यादा आहे. देशाबाहेर राहणाऱ्या परक्या नागरिकाकडून तर काहीच घेता येत नाही.

"बाबा, लोक दारात विचारतील. काय सांगू मी?" मुलीने विचारलं.

मी म्हटलं, आधी तपास कोणाकडे आहे ते पाहू. तिथेच घोडं अडलं. कौन्सिलमधल्या बाई फोनवर म्हणाल्या, "कायदा सरकारचा आहे, मर्यादा त्यांनी ठरवली. आम्ही फक्त उमेदवारांची विवरणपत्रं घेतो." सरकारी कार्यालयातून उत्तर आलं, की स्थानिक निवडणुकीचं सगळं कौन्सिलने बघायचं. मग आम्ही गार्डांच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ठाण्यात गेलो. काउंटरवरच्या शिपायाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे कौन्सिलमधल्या युअर मॅनला विचारा."

मी चमकलो. "माझा कोणीही माणूस कौन्सिलमध्ये नाही," मी ठणकावलं. आमच्याकडे 'तुमचा माणूस' याचा अर्थ एकच होतो. मुलीने मला बाहेर आणलं. "बाबा, इथे युअर मॅन म्हणजे कोणीही. तो अमुक माणूस, एवढंच."

बंदोबस्तात मी कितीतरी निवडणुका काढल्या. आमच्याकडे प्रत्येक कागद कोणाच्या टेबलावर जातो हे मला झोपेत सांगता आलं असतं. इथे तिन्ही ठिकाणी सगळे सभ्यपणे बोलले, आणि प्रकरण कोणाचं ते कळलं नाही. तेव्हा मी ठरवलं, तपास मीच करणार.

संशय सरळ होता. पैसे ज्याच्या हातात, त्याला आधी बसवायचं. रविवारी सकाळी खजिनदार आला. घरात आणखी चार कार्यकर्ते होते. त्यांच्यासमोरच मी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिलो.

"नागपूरहून कोणी पैसे पाठवले?"

"कोणीच नाही, काका."

"खात्यात काय काय आलं?"

त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. सगळं इथल्याच लोकांचं, मर्यादेच्या आत.

"मग तक्रार खोटी आहे?"

तो गप्प झाला. खोटी आहे असं तो म्हणाला असता तर मी कदाचित थांबलो असतो. पण त्याने मुलीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. ही नजर माझ्या ओळखीची होती. मी आवाज चढवला. "तुला माहीत आहे. तू लपवतो आहेस. तिच्या नावाला काळिमा फासायला निघालास?"

"बाबा, पुरे!" मुलगी ओरडली.

त्याचे कान लाल झाले होते. तो उठला, टेबलावरचं एक पत्रक उचललं आणि माझ्या हातात दिलं. "काका, शेवटची ओळ वाचा."

मी चष्मा लावला. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, पत्ता पुण्याचा.

ती ओळ मीच घालायला लावली होती. मुद्रकाचं नाव असल्याशिवाय प्रचाराचा कागद छापायचा नाही, हा नियम मला पाठ होता. मित्राच्या छापखान्यात मी पत्रकं छापून घेतली, पैसे मी भरले आणि दोन बॅगा भरून विमानाने आणली. बापाने मुलीला दिलेली भेट. मुलीनेही तेवढंच समजून ती घेतली. देणगी म्हणजे पैसे, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. वस्तूही देणगीच असते, आणि आयर्लंडबाहेर राहणारा परका नागरिक या खोलीत एकच होता, मी.

"पत्र आलं त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं," खजिनदार हळू म्हणाला. "ताईला एकटीला गाठून सांगणार होतो. तुमच्यासमोर, या सगळ्यांसमोर कसं सांगू?"

मी खुर्ची ओढून बसलो.

सोमवारी मी आणि मुलगी उरलेली पत्रकं घेऊन कौन्सिलच्या कार्यालयात गेलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब घेतले, त्या दिवशी माझा लिहून दिला. बाईंनी तो वाचला, पत्रकांचे गठ्ठे ठेवून घेतले आणि म्हणाल्या, "ग्रँड." म्हणजे ठीक आहे. पुढे काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सरकारकडून विचारणा झाली तर कळवू. ती विचारणा झाली की नाही, ते आजही माहीत नाही. आमच्याकडे तपास संपला की न्यायालयात समरी, म्हणजे शेवटचा अहवाल, तरी पाठवता येतो, तक्रार खरी, खोटी की गैरसमजाची ते लिहून. इथे काय लिहिलं असतं?

त्याच संध्याकाळी कार्यकर्ते जमले. त्यांच्यासमोर मी खजिनदाराची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, चहा घ्या." पण त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखा मोकळा बोलला नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. मुलीने पत्रकांशिवाय दारोदार फिरून प्रचार केला. दारात कोणी विचारलं तर झालेलं सगळं सांगितलं. ती हरली. त्या पत्रामुळे हरली की एरवीही हरली असती, मी ठरवू शकलो नाही. तिने मला कधी बोल लावला नाही.

सेवेत असताना माझा एक ठोकताळा होता. प्रश्न विचारल्यावर जो गप्प होतो आणि नजर वळवतो, तो गुन्हेगार. त्यावर मी कितीतरी केसेस उभ्या केल्या, बक्षिसंही मिळवली. आता सकाळी फिरायला निघालो की त्यातले काही चेहरे आठवतात. एका तालुक्याच्या ठाण्यात एक जण दोन दिवस माझ्यासमोर बसून होता, तोंड उघडलं नाही. मी त्याला शंभर प्रश्न विचारले. तू कोणासाठी गप्प आहेस, हा मात्र विचारला नाही.