फॉर्मॅट मारला आणि आत्याची गाणी गेली

मंडळी, आज दुपारपासून डोकं फिरलंय.

मला विंडोज ९५ वर फक्त ९८ चढवायचं होतं. शेजारच्या शहरातल्या कॅम्प चारचा आमचा कॉम्प्युटरवाला अंबरनाथला घरी आला आणि म्हणाला, "अपग्रेड में कचरा रह जाता है, भाऊ. फॉर्मॅट मारता हूँ, एकदम साफ." मी फाइली फ्लॉपीवर काढून दिल्या आणि जेवायला बसलो.

त्यात माझ्या वांगणीच्या आत्याची गाणी होती. ती लग्नांत धवले म्हणायची. गेल्या वर्षी ती गेली. त्याआधी तिच्यासमोर बसून मी एकेक ओळ टाइप केली होती.

फॉर्मॅटमध्ये मराठी फॉन्ट उडाला. कॉम्प्युटरवाल्यानं फाइली परत टाकून उघडल्या, तर फॉन्टविना नुसती वेडीवाकडी चिन्हं. अरे, मला हाक मारायची ना! मी जेवून आलो तर म्हणतो, "व्हायरस था, सब उडा दिया. फ्लॉपी भी साफ कर दी." आणि वर हसतोय!

किळस आली त्याची. माझीही.

फॉन्ट परत टाकायला दोन मिनिटं लागली. आता मराठी झकास दिसतं, फक्त वाचायला काही नाही.

तुमच्याकडे कुणी 'साफ करतो' म्हणत आला, तर तुम्ही काय करता? मी आमटीभात कालवत होतो.