मामसासऱ्यांची कुजबूज

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या रंगमंचावर आजवर जेवढे खून पडले, जेवढ्या सुना घर सोडून निघाल्या आणि जेवढ्या आयांनी लेकराला छातीशी धरून हंबरडा फोडला, त्यातलं निम्मं तरी माझ्या मामसासऱ्यांच्या सांगण्यावरून झालेलं आहे. मामसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो. अर्जुनीकडच्या एका गावात त्यांची धानाची शेती आहे, पण तो त्यांचा जोडधंदा. खरा धंदा प्रॉम्प्टिंगचा. दिवाळी झाली, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरू लागली, की आमच्याकडे नाटकांचा हंगाम लागतो आणि मामाजी विंगेआड पाटावर बसून, मांडीवर नाटकाची वही घेऊन, रंगमंचावरच्या माणसांना पुढचं वाक्य पुरवू लागतात. आमचे हौशी नट दिवसभर धानकापणीत असतात, पाठांतराला त्यांना सवड कुठली? सगळी भिस्त विंगेवर. मामाजींची कुजबूज अशी, की नटाच्या कानापर्यंत जायची आणि तिथंच थांबायची. पहिल्या ओळीतल्या प्रेक्षकाला ती कधी ऐकू आली नाही. नवा नट घाबरला, तर ते त्याला धीर द्यायचे, "रडाचं काम तुमचं. कायले रडाचं, ते मी सांगतो."

आता इतकी वर्षं एकच काम केलेला माणूस घरी आल्यावर तरी गप्प बसेल की नाही? त्याचं नाव नको. मी बायकोला पाहायला गेलो होतो, तेव्हा मामाजी माझ्या खुर्चीमागे येऊन बसले. ते मुलीकडचे. पण सासऱ्यांनी मला नोकरीबद्दल विचारलं आणि मी घसा खाकरतोय तोच मागून हळूच आवाज आला, "कायम हाये म्हना." मी म्हटलं. पगाराचंही त्यांनीच सुचवलं आणि खऱ्याहून थोडं वरचं सुचवलं. लग्नात नवरीला उखाणा सुचवणारे तेच आणि तिच्या पाठोपाठ मला सुचवणारेही तेच, त्यामुळे दोन्ही उखाणे एकाच वळणाचे निघाले आणि मंडपात हशा पिकला. नागऱ्याच्या देवळात अभिषेकाला बसलो, तर पुजाऱ्याला मंत्र म्हणताना दम घ्यायला थांबायची सोय नाही. थांबला की मामाजींनी पुढचा शब्द पुरवलाच. पुजारी इतका चिडला, की प्रसाद देताना त्याने मामाजींना वगळलं. कुणाकडे मयतीनंतर भेटायला गेले, तर सांत्वनाला आलेल्या माणसांना काय बोलायचं ते तेच सांगत. गंमत अशी, की हे सारं कुजबुजत. मोठ्याने बोललं की गळा खरबरीत होतो, हा त्यांचा सिद्धांत. गालात ज्येष्ठमधाची काडी, प्यायला कोमट पाणी, हंगामात दही वर्ज्य. त्यांच्या वाटणीचा आवाज मग मामीजींनी वापरला. मामीजी अंगणातून हाक मारतात तेव्हा शेजारच्या आळीतली माणसं "काऊन जी?" म्हणून बाहेर येतात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मामाजी सापडले. तालुक्याच्या एका शाळेत कोविड सेंटर होतं, तिथं त्यांना ठेवलं. तिथंही ते रिकामे बसले नाहीत. पलीकडच्या खाटेवरचा माणूस घरी फोन लावून रडायला लागला, की मामाजी मास्कआडून त्याला वाक्यं पुरवत: जेवन चांगलं हाये म्हना, आता खोकला नाही म्हना, पोरीले फोन द्या म्हना. तो माणूस तसंच म्हणे आणि फोन ठेवला की मोकळा रडे. दोन-तीन खाटा रिकाम्या झाल्या त्या मात्र घरी गेलेल्या माणसांच्या नव्हत्या. मामाजींनी ते आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की तिथं परत पाठवाल तर मी विहिरीत उडी मारीन.

घरी आले, जेवू-खाऊ लागले, आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी उठले ते डावा कान बंद घेऊन. आत शिट्टी, कुकरची असावी तशी, पण न थांबणारी. आता कुणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? डॉक्टरकडे गेला असता. मामाजींनी डोक्याला दुपट्टा बांधला. कारण त्यांनी मनाशी असा हिशेब मांडला होता, की कोरोनातलं काहीही अंगात शिल्लक आहे असं कळलं, तर सेंटरवाले गाडी घेऊन येणार आणि परत उचलून नेणार. मे महिना होता. आमच्याकडे मे महिन्यात दुपट्ट्याने कान न बांधता फिरणाऱ्यालाच लोक वेडा म्हणतात, म्हणून कुणाला संशय आला नाही. मृग लागला, रोवणी झाली, तरी दुपट्टा कानावरच. विचारलं तर म्हणत, सवय पडली. मामीजींच्या हाकेला ते ओ देईनासे झाले, पण लग्नाला चाळीसेक वर्षं झालेल्या घरात याला कुणी आजाराचं लक्षण मानत नाही. मामीजींनी फक्त आवाज वाढवला. गावाला वाटलं, त्या दोघांचं काहीतरी बिनसलंय.

बिंग फुटलं ते तालमीत. मागचा हंगाम कोरोनात बुडाला होता, म्हणून यंदा दिवाळीआधीच नाटक मंडळाने समाजमंदिराच्या पटांगणात दुपारची तालीम धरली. रविवार होता, मी गोंदियाहून मुद्दाम गेलो होतो. नाटक घरच्या भांडणाचं, फार करुण. नायक हा गावचाच किराणा दुकानदार, अंगाने भरलेला, अभिनयाने बेताचा. तो बापाच्या पायाशी बसला, डोळ्यांना हात लावला, आणि विंगेतून खणखणीत आवाज आला, "बाबा, मी तुमचा अपराधी आहे!" मागाहून नायकही तेच म्हणाला, पण आता त्यात काय राहिलं होतं? मामाजींना वाटत होतं ते नेहमीसारखं कुजबुजताहेत. स्वतःचा आवाज किती, हे कळायला जो कान लागतो तोच बसलेला. प्रत्येक वाक्य दोनदा, आणि पहिलं जास्त चांगलं. कडेला बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मंडळाचे मालक मला बाजूला घेऊन गेले. त्यांनी आवाज उतरवून सांगितलं, की मामाजींविषयी आदर आहे, पण असं चाललं तर मंडईत लोक खुर्च्या फेकतील. तुम्हीच समजवा, नाही तर दुसरा माणूस पाहावा लागेल.

मी काही बोलायच्या आतच मामाजी उठून आले. माझा दंड धरून त्यांनी मला पटांगणाच्या टोकाला चिंचेखाली नेलं. इकडे तिकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, आपल्या समजुतीने अगदी गुपचूप, पण साऱ्या पटांगणाला जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "जवाईबापू, माहा डावा कान पुरा गेला जी. कोरोनापासून शिट्टी वाजून राह्यली. कोनाले सांगू नोका. माही विंग जाईल."

तालीम थांबली होती. मालक, नायक, नायकाचा बाप, पदर लावून हसणाऱ्या बाया, सगळ्यांनी ऐकलं होतं. मी वळून पाहिलं आणि मग जे पाहिलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सगळी मंडळी एकदम कामाला लागली. कुणी सतरंजी झटकतोय, कुणी पेटीचा भाता हलवून बघतोय, नायक उगाच चपलेचा अंगठा तपासतोय. कुणी आमच्याकडे पाहिलं नाही, कुणी हसलं नाही. त्या मंडळात चांगला नट एकही नाही असं माझं ठाम मत होतं, ते मी तिथंच मागे घेतलं. मामाजी समाधानाने पाटावर जाऊन बसले. मालकांनी पाणी प्यायच्या निमित्ताने तालीम आवरती घेतली आणि जाताना माझ्याजवळून जात हळूच म्हणाले, "डाक्टरकडे न्या जी यायले. विंग कुठं नाही जात."

डॉक्टरकडे नेतानाही मामाजी गाडीवर मागे बसून सांगत होते, की माझी फक्त ताकद कमी झाली आहे. गोंदियाला कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. मामाजी बटण असं धडाधड दाबू लागले, की तपासणारी बाई चकित झाली. मग तिच्या लक्षात आलं, की मामाजी काचेतून तिच्या हातावर डोळा ठेवून आहेत. तिने त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर डाव्या कानाच्या वेळी बटण फारसं दाबलं गेलं नाही. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, कोरोनानंतर असे काही पेशंट आमच्याकडे येतात, कुणाचं ऐकणं कमी होतं, कुणाच्या कानात आवाज येतो. कोरोनामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण असं होऊ शकतं. मग त्याने विचारलं, कान बसला त्याच दिवशी का आला नाहीत? पहिल्या दिवसांत औषध दिलं तर कान परत यायची आशा बरीच असते. आता उशीर झाला.

मामाजींनी दुपट्टा पुन्हा कानावर ओढला. मग विचारलं, "आता मले सेंटरात तर नाही ना पाठवत?" डॉक्टरला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, बाबा, सेंटर केव्हाच बंद झालं, तिथं शाळा सुरू झाली. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि त्याची घडी घालत बसले. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं. एक कान वाचला असता, नुसतं कुणाला तरी सांगितलं असतं तर.

उजवा कानही थोडा उतरलेला निघाला, त्याला मशीन बसवलं. शिट्टी काही थांबली नाही, पण तिच्या पलीकडचं थोडं ऐकू येऊ लागलं. मंडईच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती, तीही दुपारीच. मामाजी नवं धोतर नेसून, मशीन लावून विंगेत बसले. पडदा उघडला, आणि काय सांगू, एकही नट अडला नाही. दुकानदाराने म्हणे गिऱ्हाईकांना ताटकळत ठेवून पाठांतर केलं होतं. बापाचं काम करणाऱ्याला तर लिहिता-वाचताही येत नाही, त्याने बायकोकडून ऐकून ऐकून पाठ केलं. मामाजींना आवाज काढायला लागू नये, म्हणून झाडीपट्टीत कधी न घडलेली गोष्ट त्यांनी करून दाखवली. मामाजी पानं उलटत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण ते वाक्य मागण्याची गरज कुणालाच पडत नव्हती. मी कडेला उभा होतो. मला वाटलं, हे या मंडळींनी भलतंच केलं, मामाजींचं कामच काढून घेतलं.

शेवटच्या प्रवेशात दुकानदार बापाच्या पायाशी बसला आणि थांबला. घाम पुसला. विंगेकडे पाहिलं. मामाजी पुढे झुकले आणि वाक्य दिलं, थोडं मोठ्यानेच, पण दिलं. दुकानदाराने ते उचललं आणि असं म्हटलं, की कडेच्या बाया खरंच रडल्या.

परत जाताना मामाजी माझ्या गाडीवर मागे बसले होते. मी म्हटलं, शेवटी तुम्ही लागलातच ना त्यांना. ते मागून थोडे पुढे सरकले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, खरोखरच हळू आवाजात म्हणाले, "इसरला नव्हता तो. इसरलेला मानूस आधी खाली पायते. यानं सीधा माह्याकडे पाह्यलं."

"मग तुम्ही सांगितलं कशाला, मामाजी?"

"त्यानं येवढ्या मायेनं इसरून देल्लं जी," मामाजी म्हणाले. "मी कायले नाही म्हनू?"