वगदीची व्हायोलिनं

दमिएत्तातल्या आमच्या गल्लीत लग्न निघालं की ऑर्ग, म्हणजे कीबोर्ड, वाजवायला वगदीच. तो वाजवायचा आणि त्याची बायको इनसाफ गायची. तिचा भाऊ, म्हणजे वगदीचा मेव्हणा, टेम्पोतून दोन मोठे स्पीकर आणून मांडवाच्या दोन टोकांना ठेवायचा. इनसाफ वारली, तसं मेव्हण्याचं येणंही थांबलं. वगदीकडे चाकांचा एकच छोटा स्पीकर राहिला, एकट्याला ओढता येईल असा.

त्या हिवाळ्यात त्यानं घरात हेडफोन लावून गाण्यांत इनसाफच्या गळ्याच्या जागी ऑर्गमधली व्हायोलिनं बसवली. काही डाव्या कानात, काही उजव्या. मी शेजारचा न्हावी. डबा घेऊन जायचो, तर दार वाजलेलंही त्याला कळायचं नाही.

पुढे ममदूह सुताराच्या मुलीचं लग्न आलं. मगरिबच्या नमाजानंतर गच्चीवरच्या मांडवात वगदीनं ऑर्गच्या दोन्ही वायरी त्या एका स्पीकरात जोडल्या आणि व्हायोलिनं सुरू केली. आवाज आला तो पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दोन बाजूंचे सूर एकाच तोंडातून निघताना एकमेकांना खात होते.

"उस्ताद, ऑर्गला पडसं झालंय का?" ममदूह ओरडला. बायका खदखदून हसल्या.

वगदीनं एक वायर उपसली. ऑर्गनं आतल्या आत दोन्ही बाजू एक केल्या, आवाज तसाच. शेवटी त्यानं ऑर्गमधलंच जुनं, साधं अकॉर्डियन लावलं. ते खणखणीत वाजलं. पोरी नाचायला उठल्या. तो मान खाली घालून वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी लग्नातली रव्याची मिठाई, बसबूसा, घेऊन गेलो. त्यानं हेडफोन माझ्या कानांवर चढवले.

"छान आहे रे," मी म्हणालो. "पण यावर नाचायचं कसं?"

"नाचायचं नाहीच, अब्दू. तिचं गाणं आहे ते."

"मग मांडवात कशाला वाजवतोस?"

"तिथंच गायची ना ती."

मी बसबूसा त्याच्यापुढे सरकवली. म्हटलं, "अजून एक स्पीकर घे. दोन बाजूंना दोन ठेव."

"आणि ओढणार कोण?"

"मी आहे की!"

"तुझं दुकान कोण बघणार?" तो हसला. "बरं, बघू."

पुढच्या लग्नाच्या दिवशी मी शेवटच्या गिऱ्हाइकाची दाढी घाईघाईत उरकली, शटर ओढलं आणि त्याच्याकडे गेलो. दाराला कुलूप होतं. उन्हं उतरायच्या आतच तो आपला छोटा स्पीकर ओढत एकटाच लग्नाला निघून गेला होता.