मास्तरांची डावी बाजू

गल्लीच्या टोकाला पँटी शिवणारे मास्तर चाळीस वर्षं लोकांची मापं घेत आले. स्वतःचं माप मात्र त्यांनी कधी कुणाला घेऊ दिलं नाही. डाव्या जांघेत आधी लिंबाएवढं काहीतरी आलं. मास्तरांनी पँटला डावीकडे अर्धा इंच सोडला. पुढच्या वर्षी एक इंच. सहा वर्षांत तिथे पपई मावेल एवढी ऐसपैस जागा झाली, आणि ती भरलीही.

लघवी त्यांना दोनदा करावी लागे. एकदा आपोआप, मग खालची सूज दोन्ही हातांनी दाबून. वय झालं की सगळ्यांचंच असं होत असणार, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. विचारणार तरी कुणाला?

"अहो, आत काय संसार मांडलाय का?" बायको बाहेरून ओरडे.

"आलो, आलो."

मग पाय सुजले, अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या. बायकोने दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

सर्जन बाई निघाल्या, तेही धाकट्या मेव्हणीच्या वयाच्या. मास्तरांचा चेहरा पडला. बाईंनी तपासलं, सोनोग्राफी पाहिली.

"हर्निया आहे. पण यात आतडं नाही, मूत्राशय खाली उतरलंय. लघवी तिथेच अडते, म्हणून दोन्ही किडन्या फुगल्यात. इतकी वर्षं काय केलंत?"

"पँटी सैल केल्या," मास्तर म्हणाले.

बायकोने कपाळावर हात मारला.

आधी नळी घालून लघवीला वाट करून दिली. किडन्या ताळ्यावर आल्यावर ऑपरेशन झालं: मूत्राशय जपून जागेवर नेलं, भोक बुजवलं, वर जाळी बसवली. टाके पाहून मास्तर "बरे आहेत" म्हणाले. दुसऱ्याच्या शिलाईला ते सहसा एवढंही म्हणत नसत.

नळी काढल्यावर नर्सने भांडं हातात दिलं. मास्तर मोकळे झाले, तरी तसेच उभे.

"झालं ना काका?"

"थांबा, अर्धी बाकी असेल."

बाकी काही नव्हतं. मास्तर भिंतीकडे तोंड करून जरा वेळ रडले. नर्सने भांड्यावरचा आकडा लिहून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी थोरल्या भावाला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे," दादा म्हणाला, "सगळ्यांना दाबावं लागत नाही?"

मास्तरांनी त्याच आठवड्यातली सर्जनबाईंची वेळ घेतली आणि दादाला दंडाला धरून स्वतः घेऊन गेले.