देव करसच, पुढलं सांगा

अक्का वॉर्डात कधी कुणाला "बरं वाटेल हं" असं म्हणाल्या नाहीत. बाकी सगळं विचारायच्या. जेवलात का, उशी उंच करू का, सून आली होती का, आली तर भांडली का. पण "बरं वाटेल" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून महिनाभरात एकदाही ऐकले नाहीत. मी मात्र नेमके तेच दोन शब्द सांगायला रोज संध्याकाळी देवपुरातून स्कूटरवर तिथे जात होतो.

धुळ्याबाहेरच्या त्या बारा खाटांच्या दवाखान्यात माणसं बरी व्हायला येत नसत. ज्यांच्या आजारावर इलाज उरलेला नाही त्यांचं दुखणं कमी करायचं, त्यांना स्वच्छ ठेवायचं, शेवटपर्यंत सोबत करायची, एवढंच तिथलं काम. माझ्या आईच्या पोटातली गाठ आता हाताबाहेर गेली आहे, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावून सांगितलं होतं. मी मायला काय सांगितलं? "तिथली हवा चांगली आहे. महिनाभर राहिलीस की अंगात ताकद येईल." मे महिन्यात धुळ्याची हवा चांगली असते असं म्हणणारा मी पहिलाच माणूस असेन. माय नुसतं "हां" म्हणाली. मला वाटलं, पटलं तिला.

अक्का तिथल्या आया. साक्रीकडच्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या. कामाला लागताना हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून ठेवायच्या, झोपलेल्या माणसाला किणकिण नको म्हणून. डॉक्टर वयाने मोठे, पण तेही त्यांना अक्काच म्हणत. पहिल्याच दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन बजावलं की आईला आजाराचं काही कळता कामा नये.

"मी सांगाव नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन त्यास्नी ईचारं ते लबाडबी बोलाव नही."

मी निर्धास्त झालो. एवढी चांगली हवा असताना माय विचारेल कशाला?

अक्कांची दुसरी खोड म्हणजे भेटायला आलेल्या माणसाला रिकामं बसू देत नसत. कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या हातात तेलाची वाटी. एका आजोबांचे जावई पोलिसात हवालदार होते. वर्दीत आले तरी अक्कांनी त्यांना कोथिंबीर निवडायला बसवलं होतं, आणि ते निमूटपणे निवडत होते. मी तेवढा सुटलो होतो, कारण मी बोलत असे. आत शिरल्यापासून निघेपर्यंत. कांद्याचा भाव, आमच्या गल्लीतला पाण्याचा घोळ, नातवाचे मार्क. माय काही विचारायला तोंड उघडायच्या आत मी नवा विषय काढत असे, आणि यालाच मी धीर देणं समजत होतो.

वास्तविक मरण हा माझ्या धंद्याचा विषय. मी विमा एजंट. तीस वर्षं धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत लोकांच्या ओटीवर चहा पीत मी एकच वाक्य म्हणत आलो, "देव न करो, पण उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर..." या वाक्यावर माझं घर उभं राहिलं, मुलीचं लग्न झालं. सवय एवढी वाईट की आठवडाभरात मी अक्कांनाही गाठलं. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मी सुरुवात केली, "देव न करो, अक्का, पण उद्या..."

"देव करसच, भाऊ," अक्का घडी न थांबवता म्हणाल्या. "पुढलं सांगा."

तीस वर्षांत मला कुणी पुढलं विचारलं नव्हतं. लोक त्या वाक्याला घाबरून सही करून मोकळे होत. मी हातातलं माहितीपत्रक पुढे केलं. अक्कांनी ते उलटसुलट पाहिलं आणि कपाटाच्या फळीवर चादरींखाली अंथरलं.

विसाव्या दिवशी त्यांनी मलाही पकडलं. नेलकटर हातात दिलं आणि मायच्या पायांशी स्टूल ठेवलं. "आईना नखं वाढनात. हातले काम राह्यनं म्हंजे तोंड आपसूक बंद ऱ्हास," असं म्हणून त्या निघून गेल्या. म्हाताऱ्या माणसाच्या पायाची नखं कापताना खरंच बोलता येत नाही. चष्मा पुसावा लागतो, श्वास धरावा लागतो. मी डाव्या पायाच्या अंगठ्यावर होतो तेव्हा वरून मायचा आवाज आला.

"मी आते घर येत नही ना रे?"

माझ्या तोंडात आलं, देव न करो. पण मायचा पाय माझ्या हातात होता. मी मान वर केली नाही. "नही, माय," मी म्हणालो. "आते नही."

मी पुढच्या बोटाकडे वळलो. मग माय म्हणाली, "मंग हाई कवळी काढ बरं. टोचस माले. तुनासाठे घालस मी रोज."

गालफडं बसली होती, हिरड्या आटल्या होत्या, कवळी तोंडात नीट बसत नव्हती. तरी फाटकाशी माझ्या स्कूटरचा आवाज आला की माय अक्कांकडून ती बसवून घ्यायची, मला चेहरा भरलेला दिसावा म्हणून. आणि मी रोज घरी जाऊन बायकोला सांगत होतो, आज तोंडावर तेज आहे! मी ती कवळी काढून घेतली तेव्हा खालच्या हिरडीला जखम दिसली. मी तरातरा अक्कांकडे गेलो. "तुम्ही मला का सांगितलं नाही?"

"तुमी ईचारं नही," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर माय अकरा दिवस होती. बोळक्या तोंडाने ती बोलत सुटली आणि मी तिच्या अंगाला तेल लावत ऐकत गेलो. तिला भीती वाटत होती ती एकटीला मरण येण्याची, मरणाची नव्हे. तेवढं सांग अक्काला, म्हणाली. एका दुपारी तिने मला एक नाव सांगितलं. माझ्याआधी एक मुलगी झाली होती, पाच महिन्यांची होऊन गेली. घरात पुन्हा कुणी तिचा उल्लेख केला नाही. तिचं नाव मायने यमुना ठेवलं होतं. "मी गऊ म्हंजे कोनले म्हाईत ऱ्हावाव नही," ती म्हणाली. मी तसाच कांद्याच्या भावावर बोलत राहिलो असतो तर ते नाव तिच्याबरोबरच गेलं असतं. हा विचार आला की आजही माझी मलाच लाज वाटते.

अकराव्या दिवशी सकाळी माय गेली. अक्का आणि मी दोघंही जवळ होतो. अक्कांनी गरम पाणी आणलं, टॉवेल पिळला, आणि रोजच्याच आवाजात मायला म्हणाल्या, "आई, तोंड पुसस हां. आते कूस बदलस." गेलेल्या माणसाला कुणी असं सांगून हात लावताना मी पाहिलं नव्हतं. तोंड पुसून झाल्यावर त्या बाजूला सरकल्या.

"बोला, भाऊ. काही सांगानं राह्यनं व्हई ते आतेबी सांगा. मी थांबस."

मी मायच्या कानाशी वाकलो. खूप आठवून पाहिलं. सांगायचं काही राहिलं नव्हतं.