शिंदखेड्याचे मोटारवाले भाऊ

शिंदखेड्याहून धुळ्याला भाड्याची मोटार नेणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मला अजूनही ठाऊक नाही. सगळे त्यांना मोटारवाले भाऊ म्हणतात. त्यांच्या मोटारीला कुणी खटारा म्हटलं, तर ते त्याला भर रस्त्यात उतरवतात.

ताईला बाळंतपणासाठी धुळ्याच्या दवाखान्यात नेत होतो. माझे वडील, आबा, पुढे भाऊंशेजारी बसले होते. वाटेत ताईच्या कळा वाढल्या आणि नेमकी मोटार आचके देऊ लागली. भाऊंनी ती कडेला घेतली.

“बठ्ठा चूप ऱ्हा. तिले बोलू द्या.”

त्यांनी डोळे मिटून इंजिन ऐकलं, मग एक प्लग काढून पुसला. आचके थांबले, पण आता गिअर पडेना. नुसती करकर.

भाऊंनी खाली पाहिलं, तेव्हा मलाही दिसलं. मोटार मळू नये म्हणून आबांनी वहाणा काढून पायाशी ठेवल्या होत्या. त्यातली एक सरकून क्लचखाली अडकली होती. आबा मागे ताईकडे बघत होते. भाऊंनी ती हळूच काढून बाजूला ठेवली.

“काय व्हयनं, भाऊ?” आबांनी घाबरून विचारलं.

“काही नही, आबा. खटाराच शे मना.”

गिअर अलगद पडला.

दवाखान्यात बऱ्याच वेळानं नर्सबाई बाहेर आल्या. त्यांचं बोलणं ऐकून आबा भाऊंकडे धावले. “माय-लेकरू दोन्ही खुशाल शेतस!”

भाऊंनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांना इतका घाम आला होता, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.