कांदा साळिंदराचा

गेल्या ज्येष्ठात, पाऊस धरायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, ठाण्याच्या बाजारात शेवळं विकणाऱ्या एका बाईवर अन्याय झाला. तो बिल्डरने केला नाही, सरकारनेही केला नाही. मी केला.

आज डोंबिवलीच्या बाजारात काकडांचा, त्या छोट्या रानफळांचा, हिरवा, आंबट वास आला आणि पाय थबकले. काकडं दिसली की शेजारी शेवळं असणारच. डोंगराच्या मातीतून पावसाच्या तोंडावर वर येणारे हे जांभळट कोंब. उमलू दिले तर फूल, आधी खुडले तर भाजी. घशाला खाज सुटू नये म्हणून काकडांचा आंबटपणा. आमच्या घरी आई सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घालून करते, आणि वर्षातून एकदाच होणाऱ्या या भाजीसाठी एरवी भांडणारे आम्ही सगळे गप्प जेवतो. म्हणजे खाणाऱ्यांत मीही होते. तरीही त्या रविवारी हातात जंगल वाचवायच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी होते. वर बिबट्याचं चित्र आणि खाली मीच लिहिलेलं ठसठशीत वाक्य: ‘राष्ट्रीय उद्यानातून तोडून आणलेली कोणतीही वस्तू विकत घेऊ नका!’ उद्गारचिन्हासकट. ‘कोणतीही’ या शब्दाचा तेव्हा मला फार अभिमान होता.

त्या बाईच्या टोपलीला लागून एका भाजीवाल्याचा गाळा होता. तिची जागा त्याला कधीपासून हवी होती. त्याने माझंच पत्रक तिच्यासमोर नाचवलं. “ए मावशी, उठ चल. छापून आलंय, जंगलचा माल बंद!” एका गिऱ्हाइकाने हातातली जुडी परत टोपलीत टाकली. तिने माझ्याकडे पाहिलं. “काय लिवलंय गं बाय, वाच बरं.” मी वाचलं. “बिबट्या शेवळं खातो काय?” बाजार हसला. मी लाल झाले आणि नियम-कायदा असं काहीतरी बोलत सुटले. तिने एक जुडी उलटी धरली. “बघ, खाली कांदा हाय का? कांदा साळिंदराचा, त्याच्या खायाचा. आमचा निस्ता कोंब.” मग टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. मी उरलेली पत्रकं वाटली. वाटली, हो.

आठवड्याने उद्यानाच्या कडेच्या येऊरला, तिच्या पाड्यावर, मी तिला शोधत गेले. माफी मागायला की वाद जिंकायला, अजून ठरत नाही. ती चिडली नाही. उताराकडे घेऊन गेली. सागाखाली ओलसर पालापाचोळ्यात शेवळं उभी होती. पहिलं उमललेलं ती तोडत नव्हती, ते देवाचं. बाकीची बोटांनी वरच्या वर खुडायची. मातीला लोखंड लावायचं नाही, कांदा खालीच राहू द्यायचा. मी पत्रकातल्याच सुरात विचारलं, “पण मावशी, फूलच तोडलं तर बी कुठून येणार?” “म्हणून तर निम्मी ठेवते ना. तुज्या कागदात निम्मं नसतं काय?” नव्हतं. पत्रकात निम्मं मावत नाही. तिथे एक तर सगळं असतं, नाहीतर काहीच नाही.

यंदा ठाण्याच्या बाजारात तिच्या जागेवर त्या भाजीवाल्याचे प्लास्टिकचे क्रेट आहेत. त्यातली शेवळं कांद्यासकट उपटलेली, मुळांना माती तशीच. पाड्यावर विचारलं तर कळलं, ती आता कोलशेतला एका टॉवरमध्ये धुणीभांडी करते. मी उतारावर गेले. निम्मी ठेवणारी बाई उठली आणि काहीच न ठेवणारे आले, असं लिहायला मला सोपं गेलं असतं. पण तिथे नुसते खड्डे होते. एका खड्ड्याच्या कडेला साळिंदराचा काळा-पांढरा काटा पडलेला. म्हणजे हा खड्डा त्याने आपला वाटा घेताना केला, की कुदळवाले येऊन गेल्यावर तो बिचारा रिकाम्या मातीत हुंगत बसला? मला ओळखता आलं नाही. तिला एका नजरेत कळलं असतं. जंगल वाचवायला निघालेल्या मला जंगल वाचताच येत नाही, आणि जिला येत होतं तिला मी जंगलातून उठवून लिफ्टमध्ये बसवलं. खुडणं बरोबर की चूक, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे असेल त्याच्याशी वाद घालायचं धाडसही उरलेलं नाही.

एवढंच मागते, आणि हे विनंती म्हणून नाही. ज्येष्ठात बाजारात जाल तेव्हा जुडी उलटी करून बघा. खाली कांदा दिसला तर ती तिथेच ठेवा आणि का ठेवली ते मोठ्याने सांगा. कांदा नसेल, आणि कुणी पत्रक नाचवत त्या बाईला उठवत असेल, तर मध्ये उभे राहा. पत्रक माझं असलं तरी.